आभारांच्या ओळीतलं माझं नाव

"हा पेपर वाचलाय का तुम्ही?"

बढतीच्या मुलाखतीला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. खेरडीकडच्या विहिरींच्या पाण्यावरचा पेपर. लेखक आमचे विभागप्रमुख. ते शेजारीच बसले होते, चहात बिस्किट बुडवत.

"वाचलाय," मी म्हणाले.

"मग शिका काहीतरी त्यातून. किती जणांनी दाखला दिलाय याचा! आणि तुमचा एच-इंडेक्स तीन. आमच्याकडची पीएचडीची पोरं याच्या पुढे असतात."

सगळे हसले. विभागप्रमुखही हसले. म्हणाले, "होईल हो. मेहनती आहेत बाई."

एच-इंडेक्स तीन म्हणजे माझे तीनच पेपर असे, की ज्यांचा दाखला इतरांनी निदान तीनदा दिला. माझ्या सगळ्या नोकरीचं वजन तेवढंच.

त्या विहिरींचं पाणी मी काढलं होतं. दोन उन्हाळे, दोन पावसाळे. सिल्वासातून रिक्षानं, पुढे पायी. बाटल्या ओढणीत गुंडाळून आणायच्या. तपासण्या माझ्या, तक्ते माझे. पेपरच्या शेवटी बारीक अक्षरांत आभार मानलेत. 'नमुने गोळा करण्यास मदत' म्हणून. तिथं माझं नाव आहे. लॅबच्या शिपायाच्या खाली.

ही चोरी नव्हती. सौदा मीच केला होता.

बाप धुळ्याहून इथल्या धाग्याच्या कारखान्यात आला. आई डोकमर्डीत दारोदार साड्या विकायची. घासाघीस तिच्याकडून शिकले. विभागप्रमुखांनी माझे आकडे मागितले तेव्हा मी ते फुकट दिले नाहीत. आठवड्यातून दोन दिवस पाणी तपासायचं मशीन माझं. लॅबची किल्ली माझ्याकडे. परीक्षेच्या सुपरव्हिजनमधून सुटका. तिन्ही गोष्टी मिळाल्या. घरी जाऊन आईला सांगितलं, जिंकले.

नाव मागायचं सुचलंच नाही. बाप जन्मभर मशीन सांभाळत राहिला. उत्पादन वाढलं की गेटवर फोटो लागायचा मॅनेजरचा. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मुलाखत संपल्यावर विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. चारचौघांतलं 'तुम्ही' बाहेरच राहिलं.

"बस. तोंड पाडू नकोस. पुढच्या पेपरात तुझं नाव दुसरं टाकतो. फक्त संदर्भांत माझे अकरा पेपर घे. ग्रुपमधले बाकीचे तुझे घेतील. वर्षात तुझा आकडा दुप्पट. सगळे असंच करतात, वेडे."

"त्या अकरांतले पाण्यावरचे किती?"

"पाण्याचं काय घेऊन बसलीस?"

सवयीनं जिभेवर आलं, अकरा नाही, चार. आणि नाव पहिलं. बोलणारच होते. मग माझा मलाच राग आला. इतका, की हाताला आलेला पेपरवेट आपटला. टेबलावरची काच तडकली.

"विकायचं नाहीये, सर."

"मग कुजत बस. रिटायर होईपर्यंत."

त्याच संध्याकाळी टोकरखाड्यातल्या खोलीवर बसून तो पेपर छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. माझ्या वहीच्या पानांचे फोटो जोडले. कुठली विहीर, किती खोल, पाणी कधी काढलं, सगळं माझ्या अक्षरात. मशीन आणि किल्लीच्या बदल्यात मीच आकडे दिले, हेही लिहिलं. लपवलं असतं तर सरांनी तेच आधी पुढे केलं असतं.

चार महिने झाले. उत्तर नाही. किल्ली काढून घेतली. बढती गेली. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबतं. एक जुनी मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, "आता तुझ्या पेपराचा दाखला द्यायचीसुद्धा भीती वाटते गं." आई म्हणते, "मिटवून टाक ना बाई. मोठ्या माणसांशी कशाला?"

दमलेय. शनिवारी जेवून आडवी होते तर उठवत नाही.

तरी दर महिन्याला पत्र पाठवते. पाचवं उद्या जाईल. त्यानंतर सहावं. संपादक मध्ये विचारतील, आभारांऐवजी सहलेखक म्हणून घातलं तर चालेल का, दुसरं नाव चालेल का. काय म्हणायचं ते ठरलंय. लेखकांच्या यादीत पहिलं नाव माझं. त्याच्या खाली एक पायरीही उतरणार नाही.