विहाराच्या भिंतीवरची सुजाता

कल्याणच्या स्टँडवर सकाळी सव्वाआठला भिवंडीची एसटी मिळाली. कपड्यांची पिशवी वर टाकली आणि स्लाइड प्रोजेक्टरची पेटी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी पेटीकडे बघत विचारलं, "शिवणयंत्र का?"

"नाही. चित्रं दाखवायचं यंत्र."

"सिनेमा?"

"नाही. नुसती चित्रं. न हलणारी."

त्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले, ते थेट दुर्गाडीचा पूल ओलांडून बराच रस्ता संपेपर्यंत.

कराडच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर 'चित्र कसं पाहावं' या विषयावर कुणी बोलावलं की जात असे. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात भिवंडीतल्या एका वाचनालयाने शनिवार-रविवारचं आमंत्रण धाडलं. भिवंडीला मी कधी गेलो नव्हतो. यंत्रमागांचं गाव, एवढंच ऐकून होतो.

एसटीतून उतरल्यावर कानांना एक सलग खडखडाट जाणवला. पहिली दहा मिनिटं मी तो कुठून येतो ते शोधत होतो, मग कळलं की तो सगळीकडूनच येतोय. दर दुसऱ्या गाळ्यात माग चालू होते. कोऱ्या कापडाचे तागे लादलेले टेम्पो बोळात अडकले होते आणि विजेच्या तारांवर कापसाचे पुंजके लोंबत होते. चहाच्या टपरीवर मी मराठीत चहा मागितला, टपरीवाल्याने हिंदीत "शक्कर कम या ज्यादा?" विचारलं, आणि माझ्या शेजारच्या कामगाराने दोघांनाही समजेल अशा मिश्र भाषेत वाचनालयाचा पत्ता सांगितला.

वाचनालयाच्या माडीवर तीसेक माणसं जमली होती. शिक्षक, कारकून, दोन-तीन नर्स, ड्युटी संपवून आलेले दोघे मागवाले. मी फळ्यावर नेहमीचे चार मुद्दे लिहिले. आधी काय दिसतं ते सांगायचं. मग ते कसं मांडलंय ते पाहायचं. मग आपल्याला काय वाटलं ते बोलायचं. चांगलं की वाईट, हे सगळ्यांत शेवटी. चौथ्या मुद्द्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणालो, "हा मुद्दा जो आधी घेतो, त्याला चित्र दिसत नाही."

तिसरी स्लाइड लावली आणि वीज गेली. त्याबरोबर समोरच्या गाळ्यांतले मागही थांबले. इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या सायकलीची घंटा माडीवर ऐकू आली.

"भारनियमन," वाचनालयाचे चिटणीस म्हणाले. "आता तीन तास."

मी पेटीचं झाकण लावत होतो तेव्हा मागून एक बाई उठल्या. चाळिशीच्या आतबाहेर, अंगावर नर्सचा पांढरा गणवेश. नाव वंदना.

"सर, भिंतीवरचं चित्र बघायला लाइट लागत नाही. आमच्या गावात आहे एक. उद्याचं तुमचं भाषण दुपारच्या ऐवजी संध्याकाळी ठेवू. याल?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाव खारबावच्या पुढे, खाडीकाठी. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी एक चित्र काढलं होतं. आता कमिटीला छापील बुद्धमूर्तीच्या टाइल्स देणगीत मिळाल्या होत्या आणि त्या नेमक्या त्याच भिंतीवर बसवायच्या होत्या. रविवारी अकराला बैठक होती. "वडील काही बोलणार नाहीत," वंदनाताई म्हणाल्या. "तुम्ही जाणकार आहात. तुम्ही दोन शब्द बोललात तर ऐकतील."

रविवारी सहा आसनी रिक्षात आम्ही नऊ जण बसून निघालो. भिवंडी संपताच गोदामं सुरू झाली, मग ती विरळ झाली, आणि मग कापलेल्या भाताची खाचरं आणि त्यांच्यापलीकडे खाडीचा करडा चिखल दिसू लागला. हवेला खारट वास होता.

वंदनाताईंचे वडील, काशिनाथकाका, दारातच उभे होते. सत्तरीचे, काटकुळे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. आयुष्यभर त्यांनी मानकोली नाक्यावर ट्रक रंगवले होते. कमळं, गरुड, डोंगरामागचा सूर्य आणि 'हॉर्न द्या'. मी त्यांना चित्राविषयी विचारलं तर म्हणाले, "बगा ना तुमीच. मी काय सांगू?"

विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. चपला काढून आत गेलो. समोरची पूर्ण भिंत त्या चित्राने व्यापली होती. तपाने खंगलेल्या गौतमाला सुजाता खीर देते, तो प्रसंग. पण सुजाता मध्यभागी आणि मोठी होती, काठाची साडी गुडघ्याच्या जरा खाली नेसलेली, इथल्याच बायका नेसतात तशी. गौतम उजव्या बाजूला, झाडाखाली, तिच्या निम्म्याने. मागे नदी म्हणून चक्क ही खाडी होती, तिवरांसकट (खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं). खालच्या कोपऱ्यात खाराने रंग फुगला होता.

बैठकीला पंचवीसएक माणसं होती. अध्यक्ष सुरेशभाऊ, दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर. मला ते समंजस वाटले. त्यांनी सरळ मुद्दे मांडले. "काकांबद्दल आदर हाय. पण दर पावसाळ्यात भिंत रंग सोडते. टाइल पुसली की साफ. आनि दुसरं, विहार कोनाचा? बुद्धाचा. मग बुद्ध कोपऱ्यात आन बाई मधी, हे बरोबर दिसतं का? सर, तुमी सांगा. चित्र चांगलं हाय का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी भिंतीसमोर उभा राहिलो, हात मागे बांधून, प्रदर्शनात राहतो तसा, आणि म्हणालो, "रंगांची समज चांगली आहे. पण गौतमाचा पुढे केलेला हात प्रमाणाबाहेर मोठा झालाय. चेहऱ्यापेक्षा मोठा."

"झालं!" सुरेशभाऊ वळले. "सरांनीच सांगितलं."

कुणीतरी टाइल्सचा खोका पुढे ओढला. काशिनाथकाकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. तो स्वच्छच होता. वंदनाताई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हे शेवटी सांगायचं असतं ना? काल दोन रेघा ओढल्या होत्या तुम्ही."

सत्तावीस वर्षं मुलांना ज्या गोष्टीबद्दल रागावलो, तीच मी पंचवीस माणसांसमोर, चित्रकाराच्या देखत केली होती.

"सुरेशभाऊ," मी म्हणालो, "माझं चुकलं. मी नीट पाहिलंच नाही. मला दहा मिनिटं द्या. सगळे खाली बसू. तुम्ही पण."

"आता बसून काय दिसनार?" म्हणत ते बसले.

मी कुणाला काही समजावलं नाही. फक्त विचारलं, काय दिसतं? सुरुवातीला हसू आलं लोकांना. बाई हाय. झाड हाय. भरती हाय, पाणी तिवरांना लागलंय. मग पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई बोलल्या. हौसाबाई त्यांचं नाव. खाडीत मासे धरण्यात त्यांची हयात गेली होती.

"ती त्याच्याकडं बगत न्हाय," त्या म्हणाल्या. "वाडग्याकडं बगते."

"का बरं?"

"भरलेलं हाय. सांडंल ना. भरलेलं भांडं घेऊन चालताना मी पन भांड्याकडंच बगते."

"आणि तो?"

"त्याच्यात जीव न्हाय उरला. बरगड्या मोज. डोळं मिटायला आलंत. हात तेवढा जागा हाय."

मीही त्या हाताकडे पाहिलं. बसल्यावर तो माझ्या डोळ्यांसमोर आला होता, आणि तिच्या नजरेवरून वाडग्याकडे आणि वाडग्यावरून सरळ त्या हाताकडे जाण्यावाचून माझ्या नजरेला वाट नव्हती. विहारात माणसं बसतात. उभा राहून पाहणारा तिथे मी एकटाच होतो.

"ते सगळं ठीक," सुरेशभाऊ म्हणाले, पण आवाज उतरला होता. "पन बुद्ध बारीक का?"

"अरे, उपाशी मानूस मोठा कसा दिसंल?" हौसाबाई म्हणाल्या. "खीर खाऊ दे त्याला. मग होईल मोठा."

सगळे हसले. सुरेशभाऊही हसले, मग त्यांनी खाराचा मुद्दा पुन्हा काढला, आणि तो खराच होता. त्यावर गवंडीकाम करणारा एक जण म्हणाला की ओल बाहेरून येते, तेव्हा साध्या टाइल्स बाहेरच्या अंगाला लावल्या तर आतली भिंत वाचेल. मूर्तीच्या टाइल्स दाराच्या वर बसतील. पाऊण तास वाद झाला. शेवटी हात वर करून ठरलं ते एवढंच: चित्र राहू दे, एक पावसाळा बघू.

दुपारी वंदनाताईंकडे जेवलो. तांदळाची भाकर आणि निवट्यांचं कालवण (निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे). पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकं ते तिखट होतं. काशिनाथकाका शेजारी जेवायला बसले होते. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता. चार वर्षांपूर्वी वारलेल्या. सुजातेचा चेहरा कुणाचा, ते फोटो पाहताच कळलं.

संध्याकाळचं भाषण वाचनालयात कंदिलाच्या उजेडात झालं, स्लाइड न लावता. रात्री पुन्हा गावात, वंदनाताईंकडेच राहिलो. सोमवारी सकाळी खारबाव स्टेशनवर काशिनाथकाका मला पोचवायला आले. दिवा जंक्शनला जाणारी गाडी यायला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघं आणि भाजीची टोपली घेतलेली एक बाई, एवढीच माणसं.

ते रुळांकडे बघत होते. मग म्हणाले, "सर, आता कोन न्हाय. खरं सांगा. हात मोठा झालाय ना?"

मी सांगितलं, "झालाय."

"झालायच." त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते दुखावले, पण ते हसत होते. "मला हात कधी जमलाच न्हाय. ट्रकवर हात कुठं काढायला लागतो? तीनदा काढला, तीनदा मोठा झाला. चौथ्यांदा चुना मारायला निघालो, तर ही डबा घेऊन आलेली. खाली बसली, बगत राह्यली. म्हनाली, राहू द्या. भूक लागलीय त्याला."

"मग?"

"मग राह्यला."

गाडी आली. त्यांनी पेटी आत चढवून दिली.

दिव्यापर्यंत दोन्ही बाजूंना खाचरं, मिठागरं, मधूनच गोदामांची निळी छपरं दिसत होती. चित्रकाराने काय योजलं ते ओळखा, असं मी वर्गात नेहमी सांगत आलो. इथे चित्रकाराने ते योजलंच नव्हतं. त्याची चूक झाली होती, आणि एका बाईने खाली बसून ती चूक नीट पाहिली होती. हौसाबाईंना बारा वर्षांनी जे दिसलं, ते तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. हे फळ्यावर कोणत्या मुद्द्याखाली लिहायचं, ते मला कराड येईपर्यंत सुचलं नाही.

पुढच्या दिवाळीत वंदनाताईंचं पत्र आलं. पावसाळा जोराचा झाला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यातलं गवत आणि थोडं पाणी गेलं, बाकी भिंत टिकली. सुरेशभाऊंनी स्वतः रंगाचे डबे आणून दिले. काकांनी एका डोळ्याने, भिंतीला टेकून, आठ दिवस बसून गवत पुन्हा रंगवलं. सुरेशभाऊंनी त्यांना विचारलं होतं, आता रंग आलाच आहे तर हात जरा बारीक करता का. काका म्हणाले, "ती असती तर तिला विचारलं असतं," आणि ब्रश धुवायला घेतला.