पाचव्या रांगेतली टाळी

टाळीमामांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. दिवसा ते सभागृहाच्या खिडकीत बसून तिकिटं विकत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी खिडकी लावून घेत, केसांवरून ओला हात फिरवत आणि पाचव्या रांगेच्या कडेच्या खुर्चीत जाऊन बसत. त्यांचं खरं काम तिथं सुरू होई. वाजवणं संपलं हे सगळ्यांच्या आधी ओळखायचं आणि पहिली टाळी वाजवायची.

हसू नका. त्या सभागृहात येणारी मंडळी म्हणजे एकेक नमुना होता. कडक इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर जाणकारी, आणि वादक थांबला, तर वाजवणं संपलं की नुसता दम घेतोय, हे कळत कुणालाच नसे. एकदा एका गृहस्थांनी भलत्याच ठिकाणी टाळी वाजवली. अख्खं सभागृह मान वळवून त्यांच्याकडे असं बघत राहिलं, की बिचारे मध्यंतरात गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. बाकीच्यांनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. व्यवस्थापकानं मामांना ती खुर्ची कायमची देऊन टाकली, आणि मामांचे हात हलल्याशिवाय कुणाचा हात हलेनासा झाला.

मामांची टाळी होतीही खणखणीत. कितीतरी रडतखडत गाणाऱ्यांना त्यांनी लोकांना डोक्यावर घ्यायला लावलं. असा एखादा गायक छातीवर हात ठेवून "या रसिकांनी आज मला जिंकलं" म्हणाला, की मामांना किळस यायची. त्याची, रसिकांची आणि स्वतःचीही.

बायको म्हणायची, "घरात कौतुकाचा एक शब्द तोंडातून फुटत नाही, आणि तिकडे हात लाल होईपर्यंत वाजवता!"

"तिकडचं खोटं असतं, म्हणून जमतं," मामा म्हणायचे.

त्यांची मुलगी व्हायोलिन वाजवायची. तिला त्यांनी जन्मात 'छान' म्हटलं नव्हतं, पण तिचा रियाज दाराआड उभं राहून ऐकल्याशिवाय त्यांना चैनही पडत नसे. त्याच सभागृहात तिला पहिल्यांदा एकटीनं वाजवायला मिळालं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. लोकांना मनापासून आवडलं तर पुढे हेच करणार. नाहीतर मावशी म्हणते ती नोकरी धरणार. उगाच स्वतःला फसवत नाही बसायची."

मामांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. ज्या टाळीनं त्यांनी सुमार माणसं मोठी केली होती, ती पोरीच्या पदरात टाकायची नाही. तिला तिच्या हक्काची मिळू दे.

कार्यक्रमाला ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पोरगी वाजवायला लागली. असं तिनं घरीही कधी वाजवलं नव्हतं. शेवटचा सूर इतका हळू विरत गेला, की तो संपला कधी ते कळू नये. पण मामांना कळलं.

आता वाजतील, आता वाजतील, म्हणत ते बसून राहिले. कुणीच वाजवेना. कुठंतरी एक खुर्ची करकरली, कुणी खाकरलं. व्यासपीठावर पोरीनं गज खाली घेतला आणि ती समोरच्या अंधारात बघत उभी राहिली.

मामांनी घाबरून शेजारी पाहिलं. शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांचे हात छातीपाशी उचललेले होते आणि नजर मामांवर होती. पुढच्या रांगेतल्याही माना त्यांच्याकडेच वळल्या होत्या. सगळे ताटकळले होते. मेंढरं मेली! पण त्यांना ही सवय लावली कुणी?

पोरीनं खाली मान घालून नमस्कार केला आणि ती आत निघून गेली. तेव्हा कुठं मामांचे हात मांड्यांखालून सुटले. त्यांनी टाळी वाजवली मात्र, सभागृह नुसतं दणाणलं. लोक उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत तिथं अशी खरी टाळी वाजली नव्हती.

मामा धडपडत आतल्या खोलीत गेले. पोरगी गजाचा ताण सैल करत होती.

"अगं, लोक उभे आहेत! बाहेर चल!"

"ऐकू येतंय मला."

"मग? त्यांना आवडलंय गं!"

"पहिली कुणाची होती, बाबा? लहानपणापासून ऐकतेय, तुमची टाळी मला ओळखू येत नाही का?"

"तसं नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ, त्यांना खरंच आवडलंय. मी तर मुद्दाम थांबलो होतो, त्यांची त्यांना वाजवू दे म्हणून."

पोरीनं व्हायोलिन पेटीत ठेवलं. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"थांबलात ते बरंच केलंत, बाबा. तुम्ही थांबलात तेवढ्या वेळात मला खरं काय ते कळलं."