सोनूबाईला निबर म्हणणाऱ्या

राजापूरच्या काजू कारखान्यात सोनूबाईला सगळ्या बायका ‘निबर’ म्हणत, आणि तिला ते मिरवायला आवडे. काजूबी फोडताना टरफलातला चीक उडतो, कातडी सोलवटते. तिचे तळवे मात्र इतके घट्ट झालेले की चुलीवरचा टोप ती फडक्याशिवाय उतरवी. शब्द खरा परसातला, भाजीचा. भेंडी वेळेवर खुडली नाही की निबर होते, शिजता शिजत नाही. भाजीवरून तो हातांवर आला आणि हातांवरून काळजावर. ज्याला काही लागतच नाही, तो निबर.

भावाची लेक दर्शना मात्र कोवळ्या हातांची. सोनूबाईनेच तिला कामाला लावलं होतं. पहिल्याच हंगामात तिची बोटं फुटली, पोराला घास भरवता येईना. तेव्हा सोनूबाई पेटली. हातमोजे मिळेपर्यंत कोणीही बी फोडायची नाही! गावदेवापुढे नारळ ठेवून तिनेच गाऱ्हाणं घातलं, आणि साऱ्याजणी ओरडल्या, “व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज दर्शनाचा.

देवासमोर व्हय म्हटलेली बाई फिरणार नाही, असं सोनूबाईने धरलं. तिथेच फसली.

आठवडाभराने ती कारखान्याच्या फाटकाशी आली, तर शेडच्या दारात चपलांची रांग. त्यात दर्शनाची निळी चप्पल. त्या चपलेचा तुटलेला अंगठा सोनूबाईनेच शिवून आणला होता.

जेवणाच्या सुट्टीत दर्शना बाहेर आली. हातांत कोरे हातमोजे चढवलेले.

“आत्ये, शेट बोलला, सगळ्यांना मोजे देतो, फक्त सोनूबाई आत नको. मी काय करणार गो?”

“आणि तू व्हय म्हणालीस?”

दर्शनाने खाली बघितलं. मग फणकारली, “तुला काय लागतंय? तू तर निबर!”

तिच्यामागून बाहेर आलेल्या दोघीतिघी फिसकन हसल्या.

आता शिव्यांचा पाऊस पडणार, असं सगळ्यांना वाटलं. सोनूबाईने दर्शनाचा हात ओढला, मोजा काढला, बोटं उलटसुलट पाहिली. जखमा सुकत आल्या होत्या. तिने मोजा पुन्हा चढवला, एकेक बोट नीट बसवत.

“भेंडी निबर जन्मत नाय गो. झाडावरच विसरलेली निबर होते. घाल हे. माझ्या अंगणात मात्र पाय टाकू नकोस.”

आणि ती फाटकासमोरच्या दगडावर जाऊन बसली. संध्याकाळी सुटल्यावर प्रत्येकीला तिच्या समोरूनच जावं लागणार होतं.