पाचव्या मजल्यावरची लाल बादली

"माझ्या चित्राला हात लावलासच कसा, ताई?"

"हात कुठे लावला? ब्रश लावला. फरशीच्या मधोमध पांढरा पट्टा तसाच राहिला होता, तो भरून टाकला. उपकार मान!"

"राहिला नव्हता, मुद्दाम ठेवला होता!"

मावशी ऑफिसांच्या एका इमारतीत लिफ्ट चालवते. आई, म्हणजे तिची थोरली बहीण, तिथेच साफसफाईला आहे. चित्रांचे विषय शोधायला मावशी कुठेही जात नाही. लिफ्टचं दार उघडतं, मजल्याचा एक तुकडा दिसतो, दार मिटतं. तेवढ्यात डोळ्यांत मावेल ते घरी येऊन जलरंगात उतरतं: एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कुणीतरी वाळत घातलेली छत्री, स्टुलावर पेंगणारा वॉचमन. लिफ्टमध्ये शिरता शिरता लोक विचारतात, "आज काय सापडलं?" मावशी नुसती मजल्याच्या बटणाकडे बोट दाखवते, अगदी राणीच्या थाटात.

वाचनालयाच्या प्रदर्शनात तिचं एक चित्र लागणार होतं आणि ते आजच पोचवायचं होतं. तिने निवडली होती पाचव्या मजल्यावरची लाल बादली, बाजूला टेकवलेला मॉप आणि नुकतीच पुसलेली फरशी. बादली आईची.

"चार लोकांत माझी बादली टांगणार तू! ते तलावाचं चित्र दे की. बदकं कशी छान आलीत."

"तलाव कॅलेंडरवरून उतरवलाय. बादली मी स्वतः बघितलीय."

"आणि फरशी ठिगळाठिगळाची! मी पुसलेली फरशी अशी असते होय गं?"

"अगं बाई, ती चमक होती! जलरंगात पांढरं दाखवायचं तर कागद कोरा सोडतात. तू इतकी लख्ख पुसतेस की समोरची खिडकी फरशीत दिसते. तीच मी सोडली होती. आणि तू तुझ्याच हातची चमक बुजवून मोकळी झालीस!"

आईने स्वतःच पाण्याची वाटी मावशीपुढे सरकवली. आमच्या घरात सहसा कोणी माघार घेत नाही.

मावशीने स्वच्छ पाण्यात ब्रश बुडवला, राखाडी पट्टा हलकेच भिजवला, वर सुती फडकं दाबून उचललं. पुन्हा भिजवलं, पुन्हा दाबलं. आई मान वाकवून बघत होती.

"घासू नकोस. नुसतं टिप. घासलं की डाग पसरतो."

"आता मला शिकव!" मावशी म्हणाली खरी, पण टिपलं तिने तसंच. फरशीत खिडकी परत आली. आधीइतकी पांढरी नाही, पण आली.

मावशीची दुपारची ड्यूटी होती आणि आईला सुट्टी, त्यामुळे चित्र आईच पोचवणार होती. रंग वाळल्यावर मावशीने दोन्ही चित्रं टेबलावर मांडली.

"लाज वाटत असेल तर तलाव ने. मी चकार शब्द काढणार नाही."

आईने हात धुतले, नीट कोरडे केले, बादलीचं चित्र उचललं आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं.

मावशीला हसू आवरेना. "काय गं, कोणी विचारलं ही बादली कुणाची, तर काय सांगशील?"

आईने चपला पायात सरकवल्या, पुठ्ठे छातीशी धरले आणि ताठ मानेने जिना उतरून गेली.