कमळा उभ्यानं झोपायची

आमची कमळा उभ्यानं झोपायची. न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलोच. "कोण हाय?" म्हणून ओरडलो.

"तुमची बायको हाय जी. चोर असता तं भांडे घेऊन गेला असता, असा उभा राह्यला असता का?"

मी तिचा नवरा. राहणार भातकुलीचा, शाळा चौथीपर्यंत, धंदा सुतळीच्या बाजा, म्हणजे खाटा, विणायचा. लिहिणं माझं काम नाही. पण कमळा गेली त्याला आता वर्ष होईल, अन् भेटेल तो "बिचारी" म्हणून जातो. कमळा बिचारी नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. आमच्याकडचं पाणी खारं. त्यानं झालं का आणखी कशानं, ते डॉक्टरनंही ठाम सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा एसटीनं अमरावतीला जायचं अन् चार तास मशीनवर पडायचं. सुई टोचताना तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. तिचा खरा वैरी रात्रीचा होता. आडवं पडलं की पिंडऱ्यांत काहीतरी वळवळायचं. दुखायचं नाही, खाजायचं नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. हलवले की थांबायचं, थांबले की पुन्हा सुरू. उभं राहिलं की जरा कमी, म्हणून ती न्हाणीपाशी जाऊन उभी राहायची. ती म्हणायची, "बोंडअळी शिरली जी माह्या पायात. वरून बोंड कसं हिरवंगार, अन् आत पाहाल तं सारं खाऊन टाकलं." कापूस वेचण्यात जन्म गेला तिचा, तिला दुसरं काय सुचणार? ती हसून सांगायची, म्हणून मला वाटलं अधूनमधून होत असेल.

आता माझी अक्कल सांगतो. ज्याचा धंदा बाजेचा, त्याला सगळा दोष बाजेतच दिसतो. बाज ढिली झाली, मधे खोलगट पडली, म्हणून हिला झोप नाही, असं मी ठरवून टाकलं. पायथ्याची दोरी सोडली, कसली. चार दिवसांनी पुन्हा कसली. मग सगळी बाज उसवून नव्या सुतळीनं विणली, बारीक चौकड्यांची, लग्नात पोरीला देतात तशी. कमळा चहा पीत बघत होती. म्हणाली, "आता अजून कसान तं तबल्यासारखी वाजंन. लोक भजनाले बोलावतीन बाजेले."

त्याच आठवड्यात ती खाली फरशीवर चटई टाकून निजू लागली. माझं डोकं फिरलं. पार बार्शीटाकळीहून लोक माझी बाज न्यायला यायचे, अन् घरची बाई फरशीवर! "माही बाज तुले टोचते काय वो?" म्हणालो. आणखी पुष्कळ बोललो, तोंडाला येईल ते. रात्री मुकाट्यानं माझ्या बाजेशेजारी, आपल्या बाजेवर येऊन पडली.

रागानं मलाही झोप नव्हती. डोळे मिटून पडलो होतो, तिला वाटलं झोपलो. अर्ध्या डोळ्यानं पाहिलं तर कमळानं दोन्ही हातांनी बाजेचे दांडे धरलेले. पदराचा बोळा दातांत. पायावर पाय दाबून ठेवलेला, अन् कपाळावर घाम. बाज हलू नये म्हणून हे सगळं. नवी सुतळी करकरते, अन् मी जितकी कसली तितकी जास्त करकरायची. माझी झोप मोडू नये म्हणून ती खाली निजत होती, अन् मी तिला शिव्या दिल्या होत्या.

उठून बसलो. चाळीस वर्षांत मी तिला सांगितलं पुष्कळ, विचारलं कमी. त्या रात्री विचारलं, "कमळे, रोजच असं होते काय?"

"पोळ्यापासून."

पोळ्याला आठ महिने झाले होते. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय करान? पुन्हा बाज कसान."

यावर मला हसू आलं. तिलाही आलं. पलीकडच्या घरातून म्हातारीनं जोरात खाकरून दाखवलं, तेव्हा कुठं आम्ही गप्प झालो.

मशीनवरची सिस्टर दर खेपेला विचारायची, "आजी, झोप लागते ना?" अन् आमची बाई मान डोलवून सांगायची, "हाव, मस्त!" पुढच्या खेपेला मी मधेच बोललो, "खोटं बोलून राह्यली सिस्टर. हे उभ्यानं झोपते." कमळानं माझ्याकडं असं पाहिलं की हाताला नळ्या नसत्या तर उठून हाणलंच असतं. सिस्टर मात्र हसली नाही. किडनीच्या आजारात हा त्रास पुष्कळांना होतो, सांगितलं तर काही करता येतं, म्हणाली. डॉक्टरनं रक्त तपासलं. लोह कमी निघालं, त्याचं इंजेक्शन लागलं, एक गोळी बदलली, संध्याकाळचा चहा बंद केला. बाहेर आल्यावर कमळा म्हणाली, "मले वाटलं, मशीनचा अजून एक दिवस वाढवतीन. तुमचा तोबी दिवस एसटीत जाईन. म्हणून मस्त म्हणत होती."

अळी पुरती मेली नाही. आठवड्यात तीन-चार रात्री बऱ्या जायच्या, बाकीच्या आम्ही कामाला लावल्या. बाज विणताना एकानं ओढायचं अन् एकानं सुतळीचं टोक घेऊन उशापासून पायथ्यापर्यंत जायचं. हे जायचं काम कमळानं घेतलं. चालती असली की पाय गुमान राहायचे. आता सगळीकडे लोखंडी पलंग, नवी बाज घेतं कोण? एकच बाज विणायचो अन् सोडायचो. माझं चुकलं की म्हणायची, "चौकडी चुकली बुढ्या! लक्ष कुठं हाय तुयं?" दिवसभर मला तुमी म्हणणारी बाई, सुतळी हातात आली की बुढ्या म्हणायची. मला ते आवडायचं. मग कधीतरी हळूच म्हणायची, "आता येऊन राह्यली." झोपेला पाहुण्यासारखं बोलायची. मी हातातलं टाकून द्यायचो, ती आडवी व्हायची, मी पिंडऱ्या दाबत बसायचो.

ती गेली ती दुपारी, छातीत पाणी झालं म्हणून. त्याचं मला लिहिता येणार नाही.

आता पोरीनं मला अकोल्याला आणलं आहे, जठारपेठेत, तिच्या घरी. जाड गादीचा पलंग दिला. रोज सकाळी विचारते, "बाबा, झोपले ना चांगले?" मी हो म्हणायचो. तिची नोकरी, दोन लेकरं, सासू. तिला कशाला ताप? अन् रात्रभर पंख्याकडं पाहत पडायचो. असे दोन महिने काढले. मग एका सकाळी हो म्हणता म्हणता जीभ अडली. कमळानं आठ महिने हेच केलं होतं. माझ्या हाताला हात लागेल इतक्या जवळ असून ती आठ महिने एकटी जागली. तिचं बाकी सगळं घेईन, हे घेणार नाही.

म्हटलं, "नाई वो बाई. तुही माय गेल्यापासून झोप नाई."

पोरीनं तव्यावरची पोळी उतरवली. गॅस बंद केला. हात पदराला पुसत माझ्याजवळ खाली बसली.

"मलेबी नाई, बाबा," म्हणाली.