येवल्याला जाऊन आलेले हात

माघातल्या थंडीत पहाटे नाशिकच्या इंदिरानगरहून निघालो तेव्हा हँडल हातात धरवत नव्हतं. धाकटी बहीण वैजू पुढे, मी मागे. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. येवल्याच्या मावशीकडे सायकलीवर जायचा हट्ट वैजूचाच. तिचं लग्न ठरलं होतं. आई म्हणाली, "जाऊ दे, पुन्हा कुठं जमणार आहे तिला." माझी वाकड्या हँडलची स्पोर्ट्स सायकल, तिची जुनी लेडीज.

निफाडकडे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागले, पण माझं लक्ष हातांकडेच होतं. आधी तळहात दुखले, मग मनगटं. वाकून बसल्यामुळे सगळा भार हातांवर यायचा. खड्डा आला की कळ कोपरापर्यंत जायची. विंचूरच्या अलीकडे करंगळी आणि शेजारचं बोट जाणवेनासं झालं. ब्रेक दाबला गेलाय की नाही, हे सायकल थांबल्यावरच कळे.

विंचूरला चहाचा ग्लास हातातून निसटला आणि चहा पँटवर सांडला. कांद्याच्या टेम्पोजवळ उभे असलेले एक टोपीवाले गृहस्थ पुढे आले.

"पडले का काय सायकलीवरून?"

"नाही, हात बधिर झालेत."

"मंग टाका की टेम्पोत सायकली. येवल्याच्या कांदाचाळीवर चाललोय. लय लांब नाय आता."

मी हो म्हणणार, एवढ्यात वैजू म्हणाली, "नको काका, आम्ही सायकलीवरच जाऊ." मग मला म्हणाली, "दादा, तू माझी घे."

बाजारात सगळ्यांसमोर लेडीज सायकलवर बसायला मला जड गेलं. पण तिचं हँडल उंच होतं. पाठ सरळ झाली, हातांवरचा भार उतरला. कोपरं सैल सोडून, अधूनमधून मुठी उघडत-मिटत कसाबसा येवल्याला पोचलो.

मावशीनं बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली. मला भाकरी मोडता येईना. तिनं काही न विचारता माझ्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून दिली. वैजू जेवणभर तिच्याकडे बघत होती आणि काहीच बोलत नव्हती. दमली असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या यजमानांनी पान्ह्यानं माझं हँडल वर घेतलं, सीटचं पुढं झुकलेलं टोक सरळ केलं. मावशीनं हँडलच्या मुठींवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. परतीला दुखणं सोसण्याइतकं राहिलं. थकवा मात्र हाडांत उतरला होता.

चांदोरी मागे पडली आणि वैजू थांबली. काल माझी सायकल चालवून तिचेही तळहात लाल झाले होते.

"सांगितलं नाहीस?"

"तुझेच दुखत होते."

मग आम्ही उतरून चालू लागलो, सायकली ढकलत. सायकलवर वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, चालताना येतं.

"दादा, मला हे लग्न नाही करायचं."

मी थांबलो नाही, चालतच राहिलो. "का गं?"

"माणसं वाईट नाहीत. पण शाळेतली नोकरी सोड म्हणतात. काल मावशीला सांगणार होते. तोंडच उघडलं नाही."

एक एसटी धूळ उडवत गेली.

"बाबांशी बोलशील?" तिनं विचारलं.

"दोघं मिळून बोलू. आजच."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हातपाय धुऊन लगेच बाबांसमोर बसलो, कारण एकदा आडवं झालं असतं तर आम्हा दोघांनाही धीर झाला नसता. बाबा ऐकून आत निघून गेले. पुढे ते लग्न मोडलं. घरात कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. वैजूची नोकरी राहिली.

माझी बोटं हळूहळू जागी झाली. येवल्यात काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर मला फारसं सांगता येत नाही. चांदोरीच्या पुढे सायकली ढकलत चाललो, तो रस्ता मात्र कडेच्या झाडांसकट आठवतो.