चपट्या तळाची टपालहोडी

माझे भावोजी पोस्टमन आहेत आणि त्यांचा बटवडा पाण्यावरून होतो. तलावाच्या पलीकडच्या काठाला रस्ता नाही. तिथे एकतीस घरं आहेत आणि त्या घरांना भावोजी गेली सव्वीस वर्षं होडीतून पत्रं पोचवतात. मी त्याच पोस्टात खिडकीवर बसते. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा सरकारी नोकरीत आहे एवढंच आम्हाला सांगितलं होतं. तो रोज भिजून घरी येतो हे नंतर कळलं.

भावोजी अबोल वगैरे अजिबात नाहीत. वाऱ्याची दिशा, गुडघ्यांची दुखणी, बुटांचे तळवे, कुठल्याही विषयावर तासभर बोलतील. फक्त सख्ख्या थोरल्या भावाशी ते चौदा वर्षं बोललेले नाहीत. कारण एक शिडी. थोरल्यांनी ती नेली आणि परत आणली तेव्हा वरून तिसरी पायरी मोडलेली होती. थोरले म्हणाले, मोडकीच दिली होतीस. भावोजी म्हणाले, धडधाकट दिली होती. दोघांनी अबोला धरला. शिडी पुढे कुजून गेली. अबोला मात्र चांगल्या लाकडाचा निघाला.

आता पंचाईत अशी, की एकतिसावं घर थोरल्यांचंच. तलावाचा एक अरुंद फाटा आत घुसतो, त्याच्या टोकाला ते एकटे राहतात. लग्न केलं नाही, मित्र नाहीत. त्यांना पत्र लिहील असं जगात कुणी नाही. तरीही त्यांना रोज टपाल येतं, कारण जे जे फुकट मिळतं ते ते थोरले मागवतात. बियाण्यांची यादी, गालिचांचे नमुने, कानाच्या यंत्राची जाहिरात. त्यांचे कान उत्तम आहेत. एकदा तर लिफ्टच्या कंपनीचं जाडजूड माहितीपत्रक आलं, आणि त्यांच्या घराला जिनासुद्धा नाही. मी ते हातात घेऊन भावोजींकडे पाहिलं, तर त्यांनी ते काढून घेतलं आणि म्हणाले, "पत्ता बरोबर आहे ना? मग द्यायचं."

बटवड्याची रीत ठरलेली. धक्क्याच्या टोकाला खांबावर पेटी आहे. होडी आली की थोरले तलावाकडे पाठ करून कोयत्याला धार लावत बसतात. भावोजी पेटीत टपाल टाकतात, पेटीचं झाकण गरजेपेक्षा जोरात लावतात आणि खाकरतात. मग थोरले खाकरतात. झालं. सव्वीसपैकी चौदा वर्षं हे असं चाललंय. एकदा भावोजी तापाने चार दिवस पडले आणि दुसरा माणूस गेला, तर पाचव्या दिवशी माझ्या खिडकीवर लेखी तक्रार आली: "नेहमीचा पोस्टमन गैरहजर आहे. कारण कळवावे." मी शिक्का मारून उत्तर पाठवलं: "कर्मचारी तापाने आजारी. आता पेज घेतो. काळजी नसावी." शेवटचं वाक्य नियमात बसत नव्हतं.

या वर्षी लाकडी होडीने मान टाकली. तळातून पाणी यायला लागलं, तपासनीस आला, त्याने तळात पेन्सिल खुपसून पाहिली आणि ती आरपार गेली. होडी बाद. वरून हुकूम आला, की दोन ॲल्युमिनियमच्या होड्या पाहाव्यात, एक निवडावी, तोवर बटवडा बंद. त्याचबरोबर एक सूचनापत्रक आलं. शेवटच्या फेरीत भावोजींनी ते स्वतःच्या हाताने एकतीस पेट्यांत टाकलं. त्यात लिहिलं होतं: "नव्या होडीस किमान दीड फूट पाणी लागेल असा अंदाज आहे. होडी ज्या घरांपर्यंत पोचणार नाही, त्या घरांनी आपले टपाल कार्यालयातून न्यावे."

थोरल्यांच्या फाट्याच्या तोंडाशी गाळ साठलाय. तिथे वीतभर पाणी. जुनी लाकडी होडी तेवढ्यातूनही बांबूने ढकलत जायची. दलदलीतल्या पायवाटेने पोस्टात यायचं तर तीन तास लागतात आणि थोरले बहात्तर वर्षांचे आहेत. म्हणजे निवड चुकली तर त्या दोघांचं खाकरणंही संपणार होतं.

होडीवाला दोन्ही होड्या आठवडाभर वापरून पाहायला ठेवून गेला. पहिली चौदा फुटी, वेल्डिंगची, तळाला मधोमध धार. लाटेत शिरली तरी लाट बिचारी बाजूला सरते. पण रिकामीसुद्धा दीड फूट पाणी मागते. दुसरी बारा फुटी, रिव्हेट मारलेली, तळ ताटासारखा चपटा. मागचं इंजिन वर उचललं, की बांबूने ढकलत वीतभर पाण्यातून जाते. मोठ्या पाण्यात मात्र प्रत्येक लाटेवर अशी आपटते, की दात मोजावेत.

आणि भावोजींच्या कमरेत दोन मणके सरकलेले. डॉक्टरने सांगून ठेवलंय, धक्के नकोत. घरात ताईने एकच धोशा लावला होता.

"धारेची घ्या," ताई म्हणाली. "त्यात कसला विचार करायचा?"

"बघतोय."

"आठवडा झाला बघताय. लग्नाच्या वेळी मला अर्धा तास बघितलंत."

"तेव्हा चुकलं तर फक्त माझंच नुकसान होतं," भावोजी म्हणाले. त्या रात्री त्यांचं जेवण त्यांनी स्वतः वाढून घेतलं असं ताई सांगते.

मी त्यांना पोस्टात गाठलं. "भावोजी, थोरल्यांना एक चिठ्ठी लिहा. विचारा, काय करू म्हणून. तिकीट मी लावते."

"मी कशाला लिहू? मी मोठा आहे का?"

"मग ते लिहितील असं वाटतं?"

"तो कशाला लिहील? तो मोठा आहे ना."

या घराण्यात माझी बहीण दिली आहे.

शेवटी त्यांनी अहवाल लिहिला. चपट्या तळाची होडी का घ्यावी याची अकरा कारणं. ओढून काठावर घ्यायला हलकी, हे पहिलं. रंग डोळ्यांना बरा, हे सातवं. दोन्ही होड्यांना रंगच नव्हता. अकरा कारणांत थोरल्यांचं नाव कुठे नव्हतं. मी तो मुकाट्याने टाइप केला, आणि टाइप करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी इथेच सांगून टाकते, कारण पोस्टात सांगायची सोय नाही. साहेबांनी शेरा मारला: "पोस्टमनची कंबर, पोस्टमनची मर्जी. मंजूर."

पहिल्या फेरीला कार्यालयातलं कुणीतरी सोबत जावं आणि कोणकोणत्या घरी होडी पोचते याची नोंद करावी, असा नियम आहे. मी गेले. मोठ्या पाण्यात वारा होता. तीस घरं होईपर्यंत माझी पाठ बोलायला लागली होती. भावोजी प्रत्येक आपटीला "छान चालते," म्हणत होते आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

फाट्याच्या तोंडाशी त्यांनी इंजिन उचललं, बांबू हातात घेतला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने उजव्या काठाला धरून, वीतभर पाण्यावरून होडी सरसर आत नेली. ताठ उभे होते. धक्क्यावर थोरले होते, पण आज पाठमोरे नव्हते. कोयता नव्हता. छातीपर्यंत चिखल, हातात फावडं, आणि ते थेट आमच्याकडे बघत होते.

"अरे गाढवा!" थोरले ओरडले.

चौदा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. भावोजींच्या हातातला बांबू थांबला.

"डोळे फुटले का तुझे? वीस दिवस खणतोय तो रस्ता काय बदकांसाठी?"

आम्ही मागे वळून पाहिलं. येताना डाव्या हाताला पडलेला, गाळातून, तोंडापासून थेट धक्क्यापर्यंत काळ्या पाण्याचा एक पट्टा होता. सरळ, होडीच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेल्या आणि काठ्यांना फडकी बांधलेली. दीड फुटाहून चांगला खोल असणार. धक्क्यावर नजर लावून आम्ही त्याच्या शेजारून, वरच्या वर, तरंगत आलो होतो.

"तुला कुणी सांगितलं होतं खणायला?" भावोजींचा आवाज चिरकला.

"तुझ्या त्या कागदाने! दीड फूट म्हणून छापलंय की नाही? मला वाटलं, तू धारेची घेशील. कंबर गेलीय ना तुझी?"

"तुला काय माहीत माझी कंबर?"

"रोज बघतो की, होडीत कसा वाकतोस ते."

"पाठ करून बसतोस आणि बघतोस?"

"मग चपटी कशाला घेतलीस?"

"तू खणतोयस हे मला सांगायचंस की!"

"सांगायला मी काय तुझ्याशी बोलत होतो?"

हे बिनतोड होतं. थोरल्यांनी फावडं खाली ठेवलं. तेव्हा त्यांचे तळहात दिसले. फोड येऊन फुटलेले, त्यावर पुन्हा फोड. भावोजी ते बघत राहिले. मला वाटलं, आता खाली उतरतील, गळ्यात पडतील, आणि मी कुठे बघू याची तयारी करायला लागले.

ते उतरले नाहीत. त्यांनी बांबू टेकवला आणि होडी मागे घ्यायला सुरुवात केली. मागे, मागे, फाट्याच्या तोंडापर्यंत. मी म्हटलं, "भावोजी, टपाल राहिलं." तोंडाशी आल्यावर त्यांनी इंजिन पाण्यात सोडलं, चालू केलं, होडीचं नाक दोन काठ्यांच्या मधोमध आणलं, आणि त्या चपट्या होडीला तसूभरही गरज नसलेल्या खोल पाण्यातून पुन्हा आत निघाले. सावकाश, एकेक फडकं मागे टाकत.

थोरले धक्क्यावरून ओरडत होते, "डावीकडे घे, डावीकडे! तिथे एक दगड राहिलाय."

"घेतोय, दादा," भावोजी म्हणत होते. "घेतोय."